खिडकीतला भाव

सोमवारी सकाळी साडेअकराला सातगोंडा पाटलांनी आमच्या नाकासमोरून हळदीचा ढीग उचलला. सलग चौथ्या सौद्यात. आण्णांची मर्यादा जिथं संपत होती, तिथून बरोबर दहा रुपये चढवून पाटील एकदम बोलले आणि बोली संपायच्या आत पान खायला निघूनही गेले. आधीच्या तीन वेळा निदान आण्णा थांबेपर्यंत तरी थांबले होते.

पेढीत परत आल्यावर आण्णांचा मुलगा अभय चप्पल न काढताच आत आला.

"दहा रुपये," तो म्हणाला. "शंभर न्हाई, पन्नास न्हाई. दहा. म्हणजे आमचा आकडा त्याला ठाऊक हाय."

आण्णा गादीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"आकडा कुणाकुणाला ठाऊक असतो?" अभयनं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "मुंबईत नवीनभाईंना. तुम्हाला. मला." मग तो माझ्याकडं वळला. "आणि हिला."

मी, राजमती आलासे, त्या वेळी भूपाल मगदूम, म्हणजे आण्णा, यांच्या पेढीत संगणक ऑपरेटर होते. सांगलीच्या मार्केट यार्डात आण्णा मुंबईच्या मसाल्याच्या व्यापाऱ्यांसाठी हळद घ्यायचे. सौद्याच्या दिवशी सकाळी नवीनभाई मुंबईहून कळवायचे की आज अमुक भावाच्या वर जाऊ नका. तो आकडा गुपित. तो समोरच्याला कळला, तर त्यानं दहा रुपये जास्त बोलायचं आणि चांगला माल घेऊन जायचं, एवढं सोपं होतं ते.

हा आकडा पूर्वी फोनवर यायचा. यार्डात फोनवर बोलणं म्हणजे माळ्यावर चढून ओरडणं. मग याहू मेसेंजर आला. सुरुवातीला दोन पेढ्यांत, वर्षभरात निम्म्या यार्डात. ज्या माणसांनी आयुष्यात पोस्टकार्ड लिहिलं नव्हतं, ती सकाळी अंघोळ करून आली की आधी विचारायची, "मुंबईचा दिवा लागला का?" नावापुढं पिवळा चेहरा उजळला की तो माणूस हजर. कुतूहलापोटी सगळ्यांनी सगळ्यांना यादीत घेतलं होतं. आमच्या यादीत सातगोंडा पाटीलसुद्धा होते. त्यांची पेढी आमच्या बरोबर समोर, मध्ये बैलगाडी जाईल एवढा रस्ता. दोन पेढ्यांत बोलणं नव्हतं. कशावरून बंद झालं ते यार्डात प्रत्येकजण वेगळं सांगायचा. पण कुणाचा दिवा आधी लागला हे दोन्हीकडून बघितलं जायचं.

पडद्यावर आकडा लिहायला आण्णांचा विरोध होता. त्यांचं सगळं आयुष्य टॉवेलाखाली गेलेलं. दोन व्यापारी समोरासमोर उभे राहायचे, हातांवर टॉवेल टाकायचे आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. बघणाऱ्याला दोन माणसं हवापाण्याबद्दल बोलताना दिसायची. लिलाव उघडे झाले तरी आण्णांची पिढी खासगी सौदा तसाच करायची.

"लिहिलेलं कोण बी वाचतंय," ते म्हणाले होते. "ह्याला टॉवेल कुठाय?"

मग आम्ही टॉवेल तयार केला. मेसेंजरमध्ये चेहरे होते, हसरे, रडके, शिंगं असलेले. शून्य ते नऊ प्रत्येकाला एक चेहरा. निवड आण्णांनी केली. काळा चष्मा म्हणजे चार, कारण बाजार समितीचे सेक्रेटरी तसा घालतात आणि चौघांशिवाय कधी दिसत नाहीत. झोपलेला म्हणजे शून्य, तो आमचा हमाल बंडू. चुंबन देणारा चेहरा मी दाखवला तेव्हा आण्णांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "ह्यो नको. नवीनभाईंचा गैरसमज व्हायचा."

अशा चेहऱ्यांतून येणारा आकडा बाहेर जात होता आणि तो बाहेर नेणारी मी, असं अभयचं म्हणणं होतं.

"मी कुणाला सांगितलं नाही," मी म्हणाले.

"चोर असंच म्हणतंय."

"अभय," आण्णा खिडकीकडं बघतच म्हणाले. "गुरुवारचा सौदा होऊ दे."

"आणि गुरुवारी परत तसंच झालं तर?"

तेवढ्यात पडद्यावरची चौकट थरथरली. समोरच्याचं लक्ष वेधायला मेसेंजरमध्ये तशी सोय होती. नवीनभाई होते, आणि आज चेहरे नव्हते. गुरुवारी माल मिळाला नाही तर ते दुसरी पेढी बघणार होते. मी वाचून दाखवलं. अभय चप्पल वाजवत निघून गेला.

संध्याकाळी घरी तात्यांनी, माझ्या वडिलांनी, जेवताना विचारलं, "खरं काय ते सांग."

"तुम्हीसुद्धा?"

"मी न्हाई विचारलं तर कोण विचारणार?"

तात्या त्याच यार्डात तोलाईदार होते. पोती काट्यावर चढवायची, वजन मोठ्यानं सांगायचं. शेतकरी आणि व्यापारी दोघंही ते मान्य करायचे, कारण सांगणारे तात्या असायचे. त्यांच्याकडं विकण्यासारखं एवढंच होतं.

"तू फुटलीस असं ठरलं," ते म्हणाले, "तर उद्यापास्नं माझं वजन लोक दोनदा करणार. मला कुणी काय म्हणणार न्हाई. नुसतं दोनदा करणार."

"मी नाही सांगितलं, तात्या."

"मग कोण सांगतंय ते बघ. भाकरी घे अजून."

मंगळवारी मी पासवर्ड बदलला. मुंबईच्या ऑपरेटरला विचारलं, तुमच्याकडं कोण बसतं, कोण बघतं. तो म्हणाला, इथं मी आणि शेठ, आणि शेठना चष्म्याशिवाय स्वतःची बायको ओळखू येत नाही. तिथून काही हाती लागलं नाही.

बुधवारी दुपारी मी चहा सांगायला समोर गेले. टपरी पाटलांच्या पेढीला लागून होती. इतर दिवशी मी चहा सांगून लगेच परत यायचे. त्या दिवशी दूध तापायचं होतं, म्हणून थांबले आणि सहज आमच्या खिडकीकडं बघितलं.

इंटरनेटची तार खिडकीतून आत आली होती, म्हणून संगणक खिडकीशीच होता आणि आण्णांची गादीही. आण्णा कोपर खिडकीच्या कठड्यावर टेकून अभयशी काहीतरी बोलत होते. बहुतेक सोमवारच्या भावाबद्दल, कारण त्यांचा उजवा हात बाहेर आला होता आणि बोटं चालली होती. चार बोटं उघडली, मिटली. एक उघडलं. मग मूठ अर्धी वळली. यार्डात वाढलेल्या पोराला ती बोटं वाचता येतात. तात्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवली होती. चार हजार एकशे पन्नास. सोमवारची आमची मर्यादा.

चाळीस वर्षं टॉवेलाखाली चाललेला हात. टॉवेल गेला, पण हाताला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पडद्यावर चेहरे आले की आण्णा मनात आकडा जुळवायचे आणि बोटं तो आकडा खिडकीबाहेर मोठ्यानं वाचायची.

मी उजवीकडं बघितलं. पाटील त्यांच्या ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. वर्तमानपत्र डोळ्यांच्या बरंच खाली होतं.

चहा घेऊन परत आले. अभयला सांगायचं मनात आलं आणि तसंच राहिलं. त्यानं सगळ्या यार्डासमोर बापाचा हात धरून आत ओढला असता. पुढं सगळे म्हणत राहिले असते की भूपाल आण्णांचं गुपित त्यांच्याच हातानं फोडलं. आणि आण्णांना सांगायचं, तर पगारी पोरीनं मालकाला कुठल्या तोंडानं सांगायचं की चोर तुम्हीच आहात.

"आण्णा, ऊन येतंय. पडदा लावू का?"

"ऊन मला लागतंय, तुला न्हाई. राहू दे."

"संगणक आतल्या भिंतीला घेऊ या का? धूळ बसते."

"आणि मी काय भिंतीकडं तोंड करून बसू? शिक्षा झाल्यागत?"

मग मी अडकित्ता आणि सुपारी पुढं ठेवली. सुपारी कातरायला दोन्ही हात लागतात. आण्णांनी मनापासून कातरायला घेतली. तेवढ्यात चौकट थरथरली, मुंबईहून नवीनभाईंचा रोजचा नमस्कार आला आणि आण्णांनी अडकित्ता खाली ठेवून हात कठड्यावर टाकला. रिकामा हात तिकडंच जात होता.

हात अडवता येत नाही म्हटल्यावर मी रात्रभर दुसरा विचार केला. हात चालू दे. त्याला दुसरं काहीतरी वाचायला द्यावं.

गुरुवारी सकाळी मुंबईचा दिवा लागला. अभय मालाचे नमुने बघायला गेला होता. आण्णा गादीवर होते, कोपर कठड्यावर. समोर पाटलांचं वर्तमानपत्र उघडलं. चौकट थरथरली आणि चेहऱ्यांची ओळ आली. आण्णांनी बघायच्या आत मी ती खाली मिटवली.

"आला का आकडा?"

"आत्ता येईल, आण्णा. तार हलतेय." मी उगाच तार दाबली. "आण्णा, तात्या काल सांगत होते, तुमच्या वेळी एकदा मोठी तेजी आली होती म्हणे."

"आली होती की."

"किती गेला होता भाव?"

आण्णा सावरून बसले. "नव्याण्णवला. सांगलीनं तसा भाव परत बघितला न्हाई. पाच हजार..." उजवा हात उचलला गेला. बोटं उघडायला लागली आणि अर्ध्यावर थांबली. आण्णांनी समोर रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "पाच हजार आज कोण खरं मानंल? तू शहाण्णव सालचं विचार."

"शहाण्णवला किती होता?"

"चार हजार सहाशे."

बोटं चालली. चार. मग सहा. सावकाश, एकेक, लहान पोराला शिकवावं तशी. समोर वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं.

म्हातारपणी माणसाला जुने भाव सांगायला आवडतं, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात आलं. आण्णा टोपी घालून उठले. पायऱ्यांपाशी मी त्यांच्या कानाशी खरा आकडा सांगितला. चार हजार एकशे. त्यांचे दोन्ही हात तेव्हा धोतराचा सोगा सावरण्यात होते.

सौदा सुरू झाला. मी ओट्यावर उभी राहिले. तात्या काट्याशी होते. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. पहिला ढीग सगळ्यात चांगला होता, राजापुरी हळद, मोडली की नारिंगी. बोली तीन हजार आठशेवर सुटली. कुणी पन्नास चढवले. आण्णांनी पन्नास चढवले. अभय माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, दोन्ही हात छातीवर बांधून.

सातगोंडा पाटील गर्दीतून पुढं आले. एकदम बोलले, "चार हजार सहाशे दहा," आणि पान खायला वळले.

लिलाव पुकारणारा पुन्हा विचारायला लागला, "दादा, किती म्हणालात?" पाटील पाठमोरे थांबले. मागं वळून त्यांनी आण्णांकडं बघितलं. आण्णा हळदीची कांडी कानाशी धरून तिचा आवाज ऐकत होते.

"सहाशे दहा," पाटील म्हणाले. यार्डात बोललेला शब्द मागं घेत नाहीत. ढीग त्यांच्या नावावर गेला. मागून कुणीतरी विचारलं, "सोनं निघालं काय वं दादा आत?" आणि हमालांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळे हसले. पुढच्या ढिगांवर पाटील बोलले नाहीत. आण्णांनी तीन ढीग मर्यादेच्या आत घेतले. तात्यांनी वजनं सांगितली, नेहमीच्या आवाजात, आणि ती कुणी दोनदा केली नाहीत.

दुपारी नवीनभाईंनी हसरे चेहरे पाठवले. अभय ते आकडा समजून जुळवत बसला.

"काय केलंस?" नंतर त्यानं मला विचारलं.

"पासवर्ड बदलला."

त्याला ते पटलं. सोमवारी जे बोलला होता ते त्यानं मागं घेतलं नाही, पण माझ्यासाठी चहा सांगितला. आठवडाभरात यार्डातल्या प्रत्येक पेढीनं पासवर्ड बदलला आणि त्यातल्या तिघांना तो आठवेना, म्हणून मला बोलावणं आलं. त्या पावसाळ्यानंतर हळद चढत गेली. दिवाळीला पाटलांचा तो ढीग पाच हजाराच्या वर विकला गेला आणि हसणारेच म्हणायला लागले की दादांना लांबचं दिसतं.

त्या गुरुवारच्या सौद्यानंतरच्या शनिवारी मी टपरीवर उभी होते. पाटील ओट्यावरून उतरून शेजारी आले. कपबशी हातात घेतली, बशीत चहा ओतला.

"कुठल्या सालचा भाव होता गं तो?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "शहाण्णव."

"मला वाटलंच." त्यांनी बशीवर फुंकर घातली. "शहाण्णवला मी आणि भूपाल एकाच गादीवर बसत होतो. तुला कुणी सांगितलं नसेल. टॉवेलाखालचं सगळं मला त्यानं शिकवलं. माझा हात धरून. तो चार हजार सहाशेचा भाव मी काढला होता, आणि पहिल्यांदा त्याच्याच बोटांवर सांगितला होता. त्यानं एवढं जोरात दाबलं, दोन दिवस पेन धरता आलं न्हाई."

"मग ओळखलं कसं नाही तुम्ही?"

"बोलल्यावर आठवलं."

"आधी नाही आठवलं?"

पाटलांनी चहा संपवला. "तू सांगितलंस का त्याला? की मी बघतो म्हणून?"

"नाही."

"सांगू नकोस."

"का? परत माल उचलायचाय?"

"हात आत घेईल," ते म्हणाले आणि टपरीवाल्याला दोन्ही चहा आपल्या नावावर लिहायला सांगून ओट्यावर चढले.

मी कुणालाच सांगितलं नाही. पुढं तीन-चार वर्षं सौद्याच्या दिवशी आकडा आला की मी तो आधी मिटवायचे आणि आण्णांना जुना काळ विचारायचे. आण्णांनी एकदाही विचारलं नाही की तार नेमकी सौद्याच्याच दिवशी का हलते. पाटील समोर बसून जुने भाव वाचत राहिले. आमच्या मर्यादेवर दहा रुपये त्यांनी पुन्हा कधी चढवले नाहीत.

मग अभयनं मोबाइल घेतला. मुंबईचा आकडा त्याच्या खिशात यायला लागला, साध्या अंकांत. यादीतले दिवे एकेक करून विझत गेले. काही जण खरंच निघून गेले, काही फक्त पासवर्ड विसरले. चेहऱ्यांची भाषा येणारी यार्डात शेवटी मी आणि आण्णा दोघंच उरलो आणि बोलण्यासारखं काही नव्हतं. मी पेढी सोडून मिरजेत हिशेबाचं काम सुरू केलं. दोन हजार अठराच्या जुलैत मेसेंजर कायमचा बंद झाला तेव्हा पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. मी त्या तात्यांना वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "अजून चालू होतं व्हय?"

सातगोंडा पाटील मुलाकडं पुण्याला राहायला गेले. त्यांच्या पेढीत आता बेदाण्याची खोकी ठेवतात.

गेल्या पाडव्याला आण्णांच्या पाया पडायला गेले होते. पंच्याऐंशी पार केलीय, पण सकाळी पेढीत येतात. खिडकी तीच, गादी नवीन. अभयचा मुलगा मोबाइलवर मुंबईशी बोलत होता आणि मध्येमध्ये मोठ्यानं भाव सांगत होता. आण्णा ऐकत होते, "न्हाई म्हण," "अजून शंभर माग," असं सांगत होते. बोलणं बराच वेळ चाललं. खिडकी सताड उघडी होती, समोरचा ओटा रिकामा.

ते संपल्यावर मी विचारलं, "आण्णा, शहाण्णव साली काय भाव होता?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"चार हजार सहाशे," ते म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. एक बोटसुद्धा हललं नाही.